दुसरा रकाना

"दुसरा रकाना रिकामा आहे," टिपणीस सर म्हणाले आणि त्यांनी कागद नमिताकडे परत सरकवला.

तिची ही तिसरी खेप. रोह्याहून सकाळची गाडी पकडून पेणला यायचं, सरांच्या ओटीवर बसायचं आणि सही न घेता परतायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं. दामोदर टिपणीस शाळेतून निवृत्त झालेले. आठवड्यातून एकदा रोह्याच्या कॉलेजात येऊन माहितीपट करणाऱ्या मुलांना संशोधन आणि नियोजन शिकवत, सह्या मात्र घरीच करत. त्यांचा एकच हट्ट होता. कुठलीही गोष्ट दोन तोंडांनी सांगितल्याशिवाय खरी धरायची नाही. पहिल्या रकान्यात एक साक्ष, दुसऱ्यात दुसरी, खाली सरांची सही. सही नाही तर कॉलेजचा कॅमेरा नाही.

नमिताचा विषय होता उघाडीची फळी. धरमतरच्या खाडीला लागून जी भातशेती आहे, ती बांधाच्या जिवावर. त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीच्या आत लावून टाकायच्या. घरोघर पाळी असे. अडतीस वर्षांपूर्वी कान्हू घरताच्या पाळीला एक फळी लावायची राहिली, खाडी आत आली आणि तीन वर्षं गावात भाताचा दाणा पिकला नाही.

गावाने कान्हूला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. पाळीतून त्याचं नाव तेवढं काढलं. ते काही त्याला सोसलं नाही. बायकोपोरांना घेऊन तो रोह्याजवळ धाटावला आला आणि एका कंपनीत शिफ्ट करत म्हातारा झाला. नमिताच्या मागच्याच गल्लीत राहायचा.

टिपणिसांचीही तिथे चार एकर होती. ती त्या रात्री खारी झाली ती झालीच. हे कळल्यावर नमिताला सरांचा हट्ट उलगडला. नियम कसला, जुना राग होता तो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत.

पहिल्या खेपेला तिने कागदावर 'अमावास्येचं उधाण' लिहिलं होतं. सरांनी पंचांग न बघताच खोडायला लावलं. "नारळी पौर्णिमेचा आदला दिवस होता." ज्याचं जातं त्यालाच तारीख लक्षात राहते, असं तिने मनात म्हटलं. दुसऱ्या खेपेला आईने सरांसाठी जिताड्याच्या कालवणाचा डबा दिला; भरतीबरोबर खाडीतून उघाडीच्या तोंडाशी येणारा हा मासा तिकडे कोणी सोडत नाही. सरांनी तो उघडलाही नाही. "मी खात नाही हल्ली." टिपणिसांच्या घरातून जिताडा परत आला, हे आईला शपथेवर सांगावं लागलं.

त्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सर, चला ना एकदा धाटावला. कान्हूकाका ओळखतात तुम्हाला. सारखं विचारतात, टिपणिसांचा दामू कसा हाय."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मार्गदर्शकाने मुलाखतीत पडू नये," म्हणाले. "दुसरी साक्ष शोध. मग ये."

ती शोधत राहिली. गावात जो तो म्हणे, कान्हूच इसारला. पण डोळ्यांनी बघितलेलं कोणीच नव्हतं. त्यात पावणेदोन महिने गेले आणि गेल्या सोमवारी कान्हूकाकाच गेले.

"खिशात फोन होता, सर," नमिता आता म्हणाली. "कॅमेऱ्यासाठी कशाला थांबले मी? आधी माहिती, मग परवानगी, मग चित्रण. सगळं शिस्तीत केलं आणि माणूस हातचा घालवला."

तिला रडू आवरत नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

टिपणं काढायला म्हणून तिने एकदा काकांचा आवाज तेवढा घेतला होता. तिने फोन ओटीवर ठेवला आणि तो लावला. आधी खोकला, मग कान्हूचा घोगरा आवाज.

"माजी पाली व्हती. फली लावल्याची याद हाय मना. चांगली ठोकून लावली. पन पानी आलं ना आत? पानी काय खोटं बोलतं? मंग माजी यादच खोटी. आवरी वर्सं मी त्योच इचार करतंय. गावाला सांग पोरी, कान्हूनं माफी मागलीन."

आवाज थांबला. सरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला होता.

"हे कुठे दाखवणार?" त्यांनी विचारलं.

"गावात. उघाडीपाशीच पडदा लावायचाय. मितेशदादा, त्यांचा मुलगा, तोच म्हणाला. बाबांची कबुली गावानं ऐकू दे, मग आम्ही मोकळे." मग तिने मनातलं बोलून टाकलं. "सर, तुमची जमीन गेली, मला माहीत आहे. पण माणूस गेला आता. सोडून द्या ना राग."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि कागद पुढ्यात ओढला. एकदाची सही होतेय म्हणून तिने सुस्कारा सोडला.

पण सहीची जागा खाली होती आणि सरांचा हात वरच थांबला. फळ्यावर लिहावं तसं त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं : 'साक्ष – दामोदर टिपणीस. कान्हूने फळी लावली होती. तो घरी गेल्यावर जिताड्यासाठी ती मी काढली.'