केरबाचा मेंढा

बाभळीआड एका माणसाला लागणारा वेळ : चिलीम भरून, ओढून, झाडून होईपर्यंत.

मोरचुदाची निळी पुडी. खुरं सडली की लावायची. अर्धी संपलेली, आणि कळपात एकही मेंढरू लंगडत नाही.

भर उन्हाळ्यात तसाच भरलेला पाण्याचा तांब्या.

घोंगडी दोन. एक कळपाच्या अलीकडं, एक पलीकडं.

पलूसच्या रानात बिराप्पाची मेंढरं खताला बसली होती. बुधवारी सकाळी केरबानं आपला मेंढा आणला आणि बिराप्पापुढं आडवा पाडला. आटपाडीपासून इथवर मेंढराचं काही दुखलं-खुपलं की लोक बिराप्पाकडंच येत. त्यानं मेंढ्याच्या पोटाखाली हात घातला, लोकर बाजूला केली आणि तोंड वाकडं केलं.

"किती दीस झालं?"

"आसतील पंधरा."

"पंधरा दीस! ह्यो मुतायला कुंथतुया, कातडं फुग्यावानी फुगतंय, थेंब थेंब गळतुया. तुला दिसत न्हाई व्हय रं?"

"दिसत हुतं. म्हटलं, जाईल आपआप."

"आपआप मेंढा जातुया गड्या, दुकनं न्हाई. का लाज वाटली तितं हात लावायची?"

केरबानं मेंढ्याचे पाय घट्ट धरले. बिराप्पाची बायको सुलाबाई मिठाचं कोमट पाणी घेऊन आली. तिनं पातेलं नवऱ्यापुढं ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली,

"आन् आमच्या घरच्या मेंढ्याला दोन वर्सं झाली. त्येला कोन इचारायचं?"

बिराप्पाचा हात मेंढ्याच्या पोटाखालीच थांबला. मेंढा कण्हला. केरबानं मेंढ्याकडं बघितलं, मग बिराप्पाकडं, आणि मग मुद्दाम लांबच्या उसाकडं.

"गप," बिराप्पा दातांतल्या दातांत म्हणाला.

"दोन वर्सं गपच हाय. काल तुमच्या धोतराला रगात हुतं. आवं, मेंढा असतासा तर कवाच धरून पाडला असता म्या."

बिराप्पाला बोलायचं होतं. कालवडीपासून कोकरापर्यंत प्रत्येक जनावराच्या दुखण्याला त्याच्याकडं शब्द होता. स्वतःच्या दुखण्याला एकही सापडेना. त्यानं मेंढ्याची जागा धुतली, सभोवतीची लोकर कातरली, कडुलिंबाचं तेल लावलं. मग तो उठला. बांधावर रानमालक गुंडाची बैलगाडी उभी होती. आत कडबा अंथरलेला.

"मेंढरं मी बघतो," केरबा म्हणाला. "जावा."

सांगलीच्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि बिराप्पाला तपासलं.

"कातडं आधी मागं सरत होतं?"

"लगीन झालं तवा सरत हुतं."

"मग चिरा पडायला लागल्या. मग घट्ट झालं. लघवी करताना फुगतं. धार सुतासारखी."

बिराप्पा थक्क झाला. तो मेंढरांबद्दल सांगायचा, अगदी तसंच.

"काय लावलंस?"

"मोरचूद."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग निळं पाणी असलेली काचेची नळी काढली, बिराप्पाच्या लघवीचे थेंब तिच्यात टाकले आणि दिव्यावर धरली. पाणी निळंच राहिलं.

"साखर नाही, बरं झालं. ह्या नळीत मोरचूद आहे बघ. त्याची जागा इथं. तिथं नाही. ओढून बघितलंस?"

"लय येळा."

"म्हणूनच रक्त. लहान पोराचं सरत नसेल तर कुणी हात लावायचा नाही, वाढता वाढता सुटतं. पण मोठ्या माणसाचं सरायचं थांबलं, चिरा पडल्या, धार बारीक झाली, तर लगेच यायचं. मागं सरून तिथंच अडकून सुजलं, किंवा लघवी कोंडली, तर त्याच घटकेला. आता हे पुढचं कातडं कापावं लागेल. सुई देतो, दुखणार नाही."

बिराप्पानं घोंगडी छातीशी धरली.

"डागतर, कापलं तर... मी धनगर ऱ्हाईन का? लोक म्हनत्याल, सुंता केली."

"लोकर कातरली की मेंढरू शेळी होतं का रे?"

बिराप्पा पहिल्यांदा हसला. हसता हसता तो बाकावर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच त्यानं तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. आणखी एक मागितलं. मग न्हाणीत जाऊन दार लोटलं. सुलाबाई बाहेर उभी होती. मग पत्र्याची बादली वाजली. थेंब थेंब नाही. वळवाचा पाऊस पत्र्यावर पडावा तशी, सलग, न थांबता. चरचरलं असावं, आतून एक शिवीही आली. पण बादली वाजतच राहिली. तिथल्या दाईनं वळून बघितलं. सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"ऐकलीस का गं?" आतून हाक आली.

"साऱ्या सांगलीनं ऐकली."

महिन्यानं मेंढरं कडेगावच्या वाटेला लागली. वाटेत कुठंही चार गडी चिलमीला बसले की बिराप्पा विचारायचा, "धार कशी हाय रं तुमची?" कुणी हसायचं, कुणी उठून जायचं. एक जण मात्र मागं रेंगाळायचा. त्याला तो बाजूला घेऊन सांगलीचा पत्ता सांगायचा.

घोंगडी आता एकच अंथरली जात होती.

मेंढा बुधवारीच आणायचा, असा सांगावा केरबाला सुलाबाईनं त्या सोमवारी धाडला होता, आणि गाडी आणायचा गुंडाला.