खंड्याची शिरगणती

जनगणना कुत्र्यांकडे सोपवल्यापासून खोटी नावं घुसडायची सोय उरली नव्हती. कुत्र्याला कोण आपला वाटतो, हे गळ्यातला यांत्रिक पट्टा ओळखायचा. आपला तो गावकरी, बाकीचे पाहुणे.

तीनशे गावकरी भरले तरच तांबेवाडीचा दवाखाना राहणार होता. जनगणना अधिकारी निवृत्ती पाच दिवस गावातल्या खंड्या कुत्र्याला घेऊन घरोघर हिंडला. आकडा दोनशे नव्व्याण्णववर अडला.

"सोपानला मोजलं नसेल," सरपंच इंदूताई म्हणाल्या. "लाथ मारली होती त्यानं खंड्याला."

"मोजलंय. गुरगुरत मोजलंय."

निवृत्तीनं रोजच्यासारखी आपली अर्धी भाकरी खंड्यापुढे ठेवली. आज खंड्यानं भाकरीआधी त्याचा हात चाटला. पट्टा वाजला. तीनशे.

इंदूताईंनी पट्ट्यावरचं नाव वाचलं. "निवृत्ती. राहणार तांबेवाडी."

"यंत्र चुकलं, ताई. मी अनाथाश्रमात वाढलेला. मला गावच नाही."

"यंत्र चुकेल हो, खंड्या कसा चुकेल? तुमच्यामुळं दवाखाना राहिला, उपकार झाले. पण उद्या विहिरीतला गाळ उपसायला यायचं. सूट फक्त पाहुण्यांना असते."

निवृत्तीनं डोळे पुसले आणि किती वाजता यायचं ते विचारलं.