मार्चमधली सही

मॉनिटरनं मार्चमधला छातीचा एक्स-रे पुन्हा उघडला. एका बाजूला त्या दिवशी डॉक्टरांना दिसलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला दिसायला हवं होतं ते. दुसऱ्यात वाटाण्याएवढा पांढुरका ठिपका होता.

हॉस्पिटलचे मॉनिटर आता दाखवलेलं काहीच विसरत नसत. आणि ज्याच्या सहीनं मॉनिटर महिन्याच्या तपासणीत पास झाला, त्यानंच पेशंटला समोर बसवून चूक सांगायची, असा कायदा होता. म्हणून आज डॉक्टरांच्या खुर्चीत टेक्निशियन निवृत्ती गावंडे बसला होता.

"मशीन बिघडलं होतं का, दादा?" समोर बसलेल्या द्वारकाबाईंनी विचारलं.

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. खोलीतले दिवे मालवून स्क्रीनचा उजेड मोजायचा असतो. मार्चमध्ये त्यानं कंटाळा करून फेब्रुवारीचेच आकडे उतरवले आणि सही केली होती.

"स्क्रीन मंद झाली होती, बाई. मी मोजलंच नाही."

द्वारकाबाईंनी दुसऱ्या चित्रातल्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"आता नीट दिसतंय ना? मग बाहेर बसलेल्यांचं तरी वेळेत कळेल."

निवृत्तीला मान वर करता येईना. बाहेर बाकावर बसलेल्या अकराही जणांचे एक्स-रे मार्चमधलेच होते.