रेघ नसलेलं कुंपण

“काळा खडू डब्यात परत ठेवा,” शिक्षिका म्हणाली. म्हणाली सगळ्या वर्गाला, पण बघत होती शेवटच्या खुर्चीकडे. तिथे तिचे वडील बसले होते.

नवशिक्यांचा वर्ग होता. समोर एका जुन्या निसर्गचित्राची मोठी प्रत टांगलेली. बर्फाने झाकलेलं कुंपण, दोन झाडं, सकाळचं कोवळं ऊन. ते मऊ पेस्टलच्या खडूंनी कागदावर उतरवायचं होतं. वडील न सांगता आले, इतरांसारखाच डबा उचलला आणि मागे जाऊन बसले.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर कसं, सुरीने कापल्यासारखं. सोळाव्या वर्षी तिने आपलं पहिलं चित्र घरी आणलं, तेव्हा पाहुण्यांदेखत त्यांनी ब्रश घेतला आणि तिच्या एकेका झाडाला काळी कड मारली. “आता कळतंय, झाड आहे ते,” म्हणाले. पाहुणे हसले. त्यानंतर तिने त्यांना एकही चित्र दाखवलं नाही. आणि आज हे इथे. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“डोळे बारीक करा,” ती वर्गाला म्हणाली. “बारकावे पुसट होऊ द्या, मग नुसते रंगाचे डाग दिसतील. सावलीतला बर्फ निळा, उन्हातला पिवळसर. पांढरा अगदी शेवटी.”

सगळ्यांनी डोळे किलकिले केले. वडिलांनी नाही केले. ते सरळ समोर बघत, खडू आडवा धरून ओढत राहिले.

तासाभराने ती फिरत मागे पोचली. बाकी सगळ्यांच्या कुंपणाची फळी न् फळी मोजता येत होती. वडिलांच्या कागदावर एकही रेघ नव्हती. निळ्यात जांभळा विरघळला होता. झाडं असून नसल्यासारखी. ऊन मात्र खरं होतं. इतकं सहज तिला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

म्हणजे ही टिंगल होती. तुझं काम कुणीही तासाभरात करू शकतं, हेच दाखवायला आले होते.

“झालं समाधान?” तिचा आवाज चढला. वर्गातले खडू थांबले. “तेव्हा पाहुण्यांसमोर, आता माझ्या विद्यार्थ्यांसमोर. एवढ्या वर्षांत माझं एक तरी चित्र धड बघितलंत, बाबा?”

“नाही बघितलं.”

“आणि डोळे बारीक करा म्हटलं तर तेही नाही. माझं म्हणून काही ऐकायचंच नाही ना?”

वडिलांनी बोटांवरची निळी भुकटी रुमालाला पुसली.

“मला डोळे बारीक न करताच असं दिसतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “दोन महिने झाले. आहे तेवढी नजर टिकवू, म्हणाले डॉक्टर. गेलेली येणार नाही.”

इतका वेळ साठलेला राग आता कुठे ठेवावा, तिला कळेना.

“आईला सांगितलंत?”

“अजून नाही.”

“मग आधी इथे कशाला आलात?” शब्द अजूनही कडकच निघाले.

“रेघ दिसेनाशी झाली, की उरलेल्यात काय बघायचं असतं, ते मला येत नाही,” वडील म्हणाले. “घरात ते तुला एकटीलाच येतं.”