ओठांचं माप

बेल्टसाठी चामड्याच्या पट्ट्या तासून पातळ करताना जाडी सगळीकडे सारखी उतरली की नाही, हे पट्टी ओठांतून फिरवून ओळखायचं, असं झाँसीच्या सदर बाजारातल्या चामडं कमावणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने, लच्छीरामजींनी, शमिकाला शिकवलं होतं. "उँगली झूठ बोलती है बिटिया, होंठ नहीं."

ती सवय इतकी अंगात मुरली, की लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी नैवेद्याची गुळपोळी देवघरात न्यायला दिली, तेव्हा स्वयंपाकघरातून निघता निघताच शमिकाने तिची कड ओठांतून फिरवली.

"अगं, देवाआधी तोंड लावलंस?" सासूबाई ओरडल्या. "आणि तेही चामड्याला लावलेलं!"

शमिकाने पोळी झटकन ओठांपासून दूर केली. "चुकलं, आई. सवयीने जाडी बघत होते."

चाळीस वर्षं झाँसीतली मराठी मंडळी सासूबाईंच्या गुळपोळीची तारीफ करत आली होती. त्यांनी आवाज खाली आणला. "मग?"

"एका बाजूला जरा जास्त आहे."

सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, पोळी हिसकावून घेतली आणि डोळे मिटून स्वतःच्या ओठांतून फिरवली.

"खरंच गं," त्या पुटपुटल्या. "ही देवाला चालेल. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी नव्याने लाटू."