कवटीवाले

“गोड बोलून आमच्या तोंडून काढून घेतलंत तुम्ही,” कुंदन म्हणाला. “खुर्ची दिलीत, पाणी पाजलंत आणि गळा कापलात.”

डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. खुर्चीत बसलेल्या भटूला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याला दोघांच्या पाठी दिसत होत्या. तो अजून हसतच होता.

भटूचे कान गेले होते. मुकादमाची हाक ऐकू येईना, म्हणून शेठनं त्याला कापड विणायच्या कारखान्यातल्या लूमवरून काढलं. खात्यातल्या माणसांनी एक पाळी लूम बंद ठेवल्या, तेव्हा शेठ एवढ्यावर आला: कान कामानं गेले असं माझे डॉक्टर म्हणाले, तर याला कापडाच्या घड्या घालायला ठेवतो. नाहीतर यानं गावी जावं. गावी भटूचं काही उरलं नव्हतं. जे काही होतं ते इथं डिंडोलीतल्या भाड्याच्या खोलीत होतं.

रातपाळी करून कुंदन तसाच त्याला घेऊन आला होता. भुवयांवर धाग्यांची भुकटी, पाय सुजलेले. डॉक्टर मराठी निघाले तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला.

कानाला यंत्र लावून तपासून झालं. मग डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, “गाणीबिणी ऐकता का?”

कुंदननं नुसते ओठ हलवून प्रश्न भटूला पोचवला. खात्यात सगळे असेच बोलतात. तिथल्या खडखडाटात आवाज काढून फायदा नसतो.

“ऐकतो ना!” भटूचा सगळा शीण उतरला. “कवटीवाले!”

“कोण?”

झालं. दोघंही बोलत सुटले. शहरातला प्लेग ओसरला, पळालेली माणसं गावाहून परत आली, त्याच आठवड्यात खात्यातल्या किसननं जुन्या बाजारातून एक कॅसेट आणली होती. वर चाकांचा मुकुट घातलेली कवटी. नाव असं वाकडंतिकडं लिहिलेलं, की इंग्रजी शाळेतल्या पोरालाही लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत किसननं ती खात्यातल्या टेपवर लावली.

“आधी वाटलं टेपच बिघडला,” कुंदन म्हणाला. “आमच्या चिंधानं दोन चापट्या मारल्या त्याला.”

सुट्टी संपली, लूम सुरू झाल्या, टेप बंद करायचा राहून गेला. आणि गाणं ऐकू येत होतं. लूम चालू असताना! एकेक जण हातातलं काम सोडून टेपकडं बघायला लागला.

“दुसरी कॅसेट आणायला हा भटू स्टेशनजवळच्या दुकानात गेला,” कुंदनला बोलता बोलता हसू आवरेना. “नाव कुठं माहीत? मग काउंटरवर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. दुकानदारानं गरब्याची कॅसेट काढून दिली, म्हणे आ लो भाई, नवी छे!”

भटूनं टेबलावर तेच वाजवून दाखवलं. पेनं उडाली. डॉक्टरही हसले.

“आणि आवाज किती ठेवता?”

कुंदनचे ओठ हलले. भटूनं हात छताकडं नेला. “फुल!”

डॉक्टर उठले. नळ सोडला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “गाण्यांनी गेलेत कान. कामाचा काही संबंध नाही. शेठना मी तसंच कळवतो.”

तेव्हा कुंदन उठून त्यांच्या मागं गेला आणि गळा कापल्याचं ते बोलला.

“मी विचारलं, तुम्ही सांगितलं,” डॉक्टर म्हणाले. “खोटं आहे का काही?”

खोटं काहीच नव्हतं. बारा तास उभा राहिलेला कुंदन भिंतीला टेकला.

भटूनं जवळ येऊन त्याची बाही ओढली. “काय म्हनस तो?”

कुंदननं तळहात लूमच्या धोट्यासारखा इकडून तिकडं नेला आणि नकारार्थी मान हलवली. मग टेपचं बटण दाबावं तसा अंगठा दाबला. एवढंच.

भटूचं हसू लगेच गेलं नाही. विसरल्यासारखं तोंडावर राहिलं. मग तो बेसिनपाशी गेला.

“साहेब, कवटीवाल्यांच्या आधी आम्ही भजनं लावून बघितली. सिनेमाची गाणी लावली. मला कायच ऐकू येईना. हे आलं, म्हणून हे लावलं.”

डॉक्टरांनी टॉवेल घेतला.

“माझी धनश्री झाली प्लेगच्या वर्षी. पण प्लेगच्या आधी, भर उन्हाळ्यात. बायकोनं तिला माझ्या हातात दिलं, म्हने बघा कशी रडते. मी बघितलं. तोंड उघडं, जीभ थरथरते. आवाज नाही.” त्यानं कुंदनकडं पाहिलं. हे त्यानं कुंदनलाही कधी सांगितलं नव्हतं. “कोणाजवळ बोललो नाही. म्हटलं, लूम जाईल हातची. तव्हा किसननं कॅसेट आणलेली नव्हती, साहेब.”

डॉक्टर टॉवेलाआडून काहीतरी पुटपुटले.

“असं नाही.” भटूनं टॉवेल धरून खाली ओढला. “तोंड इकडं करा. माझी पोरगी रडत व्हती, तव्हा कोणतं गाणं चालू व्हतं? सांगा.”