दोर टाका हो

या मायबाप, जवळ बसा, दर्यावरची एक कथा सांगतो.

धुक्यातून मालवाहू जहाज आमच्या होडीवर चालून आलं. मेहुणा हिराजी फडकं फिरवू लागला. "दाजी, जहाज हाकणारा तांडेल झोपलाय काय?" हसला, पण ओठ पांढरे पडले होते. वर ऐकू जावं म्हणून मी होडीतले भजनाचे टाळ बडवले.

जहाज वळलं, आम्हाला न शिवता गेलं. मी हात जोडले, तोच त्याच्या लाटेनं होडी उलटली आणि हिराजी जाळ्यासकट पाण्यात गेला.

"दोर टाका हो, दोर!" उलट्या होडीला लटकून मी ओरडलो. अशा हाकेला परक्या मुलखाचा खलाशीही धावतो. कठड्याशी कुणी आलं नाही. तेव्हा बंदरातलं बोलणं आठवलं: हे जहाज यंत्रच चालवतं, वर माणूस नाही.

हिराजीचा हात एकदा वर आला.

हरिपाठ म्हणाल तेव्हा आमच्या हिराजीला आठवा.